आंब्याचा जामीन

कंपनीच्या वसाहतीत मी नेमका कोण होतो, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेतकी कॉलेजातून फळबागांचं शिकून आलो होतो, आणि काम मिळालं ते जिथं एकही फळबाग नाही अशा जागी. चिंचवडच्या बाजूला, मुंबई-पुणे रस्त्यापासून थोडं आत, कंपनीनं कामगारांसाठी घरांच्या रांगा बांधल्या होत्या. जमिनीबरोबर तिच्यावरची जुनी झाडंही कंपनीकडे आली. कुणातरी वरच्या साहेबाला ती आवडली, म्हणून नकाशे जरा इकडेतिकडे सरकवून घरं झाडांच्या मधूनमधून उभी केली. मग लोक राहायला आल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की ही एवढाली झाडं घरांवर पडली तर काय? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सत्तरच्या आगेमागे मला नेमण्यात आलं.

गंमत अशी की मला खातंच नव्हतं. हजेरी वसाहतीच्या ऑफिसात, पगार कँटीनच्या लोकांबरोबर, आणि दोर, करवती, कुऱ्हाडी ठेवायची जागा आगीच्या बंबाच्या शेडमध्ये. बायका मला माळी समजून तुळशीसाठी माती मागायच्या. मी तोंड वाकडं केलं की त्यांचे नवरे "अगं, साहेब आहेत ते" म्हणून दटावायचे आणि साहेब म्हणून गळक्या नळाची तक्रार माझ्याकडेच करायचे. माझा स्वभाव मुळातच तापट. पहिल्या वर्षात मी जवळजवळ प्रत्येक रांगेशी एकदा भांडून घेतलं.

कामही विचित्र होतं. बागेत झाडाला एकच विचारायचं असतं, देणार किती? इथं विचारायचं, पडणार कधी, आणि पडलास तर कुणावर? वाळक्या फांद्या काढणं, आंब्यावरची बांडगुळं तासणं, मोरचूद-चुन्याचा लेप जखमांवर लावणं, हे मला येत होतं. पण नुसतं बघून झाडाच्या पोटात काय चाललंय ते सांगण्याची विद्या आम्हाला कुणी शिकवली नव्हती. लोक मात्र ती मला येते असं धरून चालले होते. मी बुंध्याला हात लावून उभा राहिलो की मागं पाच-सहा माणसं गप्प उभी राहायची, आणि मला घाम फुटायचा.

माझ्या हाताखाली एकच माणूस होता, पिंपळे गुरवचा, पन्नाशीचा, झाडावर चढणारा. खारीला लाज वाटावी असा चढायचा. पण सल्ला विचारला की त्याचं उत्तर ठरलेलं, "व्हय बी आन् न्हाई बी." एकदा मी चिडून म्हणालो, "अहो, एक काहीतरी सांगा ना." तर म्हणाला, "साहेब, झाड म्हंजी काय मानूस हाय व्हय, नाडी धरून सांगायला?" दुसऱ्याच दिवशी बघतो तर हा एका चिंचेच्या खोडावर तळवा टेकवून डोळे मिटून उभा. विचारलं, तर म्हणे, "नाडी बरी हाय." अशा आमच्या दोघांच्या भरवशावर वसाहत झोपत होती.

शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या घरामागं एक रायवळ आंबा होता. दोघांनी कवेत घेतला तरी हात पोचायचे नाहीत एवढा बुंधा. तो घराकडे किंचित कलला होता आणि त्याची एक जाड फांदी थेट स्वयंपाकघराच्या सिमेंटच्या पत्र्यावर आडवी गेली होती. आमचा चढणारा सांगायचा की लहानपणी गुरं राखायला इकडे आलं की गावची पोरं याच आंब्यावर पडलेली असायची, आणि त्याच्या फळाला शेपूच्या भाजीचा वास यायचा, म्हणून त्याला शेप्या म्हणायचे. घरं झाल्यापासून मात्र त्याला मोहोर नव्हता.

त्या घरात कंपनीत लेथवर काम करणारा एक टर्नर राहायचा. तो, त्याची बायको आणि आई. आई राजापूरकडची. नवरा गेल्यावर गावचं घर दिराकडं सोपवून लेकाकडं आली होती. रांगेतली सगळी तिला आजी म्हणत, मीही म्हणू लागलो. पहिल्या भेटीत ती मला अहो-जाहो करत होती. दुसऱ्या भेटीत म्हणाली, "तू कसला रे बागवाला? दारातल्या आंब्याला मोहोर नाय आणि तुला रात्री झोप लागते?" मी तिला मोहोर न येण्याची कारणं सांगायला लागलो. ती मध्येच तांदूळ निवडायला घेऊन बसली.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी तिचा निरोप आला, येताना कुऱ्हाड आण. मला वाटलं, एखादी वाळकी फांदी पत्र्यावर आली असेल. जाऊन पाहतो तर बुंध्याला हळदकुंकू लावलेलं, टर्नर हात मागं बांधून खजील चेहऱ्यानं उभा, कुंपणाच्या तारेपलीकडे अर्धी रांग जमलेली आणि आमचा चढणारा सगळ्यात पुढं दगडावर बसलेला.

"आमच्यात अशा आडमुठ्या झाडाला धाक दाखवतात," आजी म्हणाली. "तू कुऱ्हाड उचलायची. म्हणायचं, याला मोहोर नाय, तोडतो. मी म्हणेन, नको. मग तू एकच लहानसा घाव घालायचा आणि मागं सरकायचं. झालं."

मी म्हणालो, "मग टर्नरसाहेबांना सांगा ना. घरचेच आहेत."

"त्याच्या धाकाला कुत्रं भीत नाय," आजी म्हणाली, आणि कुंपणापलीकडचे सगळे हसले. टर्नरही हसला. "आणि खोटा धाक झाडाला कळतो. तू खरोखर तोडणारा माणूस. तुला बघून ते भिईल."

हे वाक्य मला लागलं. मी स्वतःला झाडं वाचवणारा समजत होतो. झाडाच्या बाजूनं पाहिलं तर मी कोण, हा विचारच कधी केला नव्हता. परीक्षेत मोहोराच्या प्रश्नावर पानंच्या पानं लिहून पहिला वर्ग मिळवलेला मी, हातात कुऱ्हाड घेऊन एका आंब्याला भीती घालायला उभा होतो, आणि ते हास्यास्पद आहे की नाही हेही मला ठरवता येत नव्हतं. शेवटी, म्हातारीचं मन मोडायला नको, म्हणून मी कुऱ्हाड उचलली.

"याला मोहोर नाही. तोडतो."

आजी पुढं झाली आणि बुंध्याला पाठ लावून माझ्यासमोर उभी राहिली. तिचा चेहरा पाहून मी दचकलो. तो गंमत करणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता. "नको," ती म्हणाली. "एवढं साल जाऊ दे. मी जामीन."

ती बाजूला झाल्यावर मी सालीवर एक हलका घाव घातला, चीक आला, आणि मी मागं सरकलो. ती मग नेहमीसारखी झाली आणि सगळ्यांना गुळाचा चहा पाजला. चहा पिता पिता मी चेष्टेनं विचारलं की पुढच्या वर्षी मी जामीन राहिलो तर चालेल का. "नाय," ती म्हणाली. "कुऱ्हाड उचलणाऱ्याला जामीन राहता येत नाय. ज्याच्या अंगावर झाडाची सावली पडते त्यानंच राहायचं. आणि धाक एकदाच. दुसऱ्यांदा झाड ओळखतं." मी हो हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं की ती हे नियम जागेवरच तयार करते आहे.

माघात आंबा मोहरला. नुसता मोहरला नाही, पान दिसेनासं झालं. पहिल्या शिफ्टची माणसं सायकली थांबवून बघायची. बायका आजीला डोळ्यांनीच नमस्कार करू लागल्या, आणि वसाहतीत पहिल्यांदाच मला बघून लोक आदरानं बाजूला होऊ लागले. तीन घरांतून तर मला कुऱ्हाड घेऊन यायचं आमंत्रण आलं, त्यातलं एक पेरूसाठी होतं.

मी मात्र पुरता गोंधळलो. सालीला जखम केली की कधी कधी मोहोर येतो, हे पुस्तकात होतं. पण माझा घाव एवढासा, आणि झाड केवढं! त्या साली थंडीही चांगली पडली होती. आदल्या पावसाळ्याआधी पाण्याची लाइन टाकायला झाडापासून चार हातांवर चर खणला होता, मुळ्या तुटल्या होत्या, त्याचाही परिणाम असेल. आणि एक कारण मला मनातसुद्धा उच्चारायचं नव्हतं. मरायला टेकलेलं झाड कधी कधी असंच शेवटचं भरभरून मोहरतं. एकाच गोष्टीची इतकी कारणं हाताशी आली की एकही नसल्यासारखं झालं. चढणाऱ्याला विचारलं, "धाकानं आला का हो मोहोर?" त्याचं उत्तर काय असणार ते मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

वैशाखात फळं आली. खरोखरच शेपूचा वास! मला ती अजिबात आवडली नाहीत, पण आजीनं मोठ्या अभिमानानं घरोघर वाटली. वसाहतीच्या अधिकाऱ्याकडंही टोपली गेली. त्याच सुमारास मला बुंध्याच्या तळाशी, स्वयंपाकघराच्या बाजूला, मातीला टेकून तपकिरी अळंबी दिसली, कडक, तबकडीसारखी. मी लाकडी हातोडीनं ठोकून पाहिलं. रस्त्याच्या बाजूला खणखणीत वाजलं आणि घराच्या बाजूला पोकळ. लोखंडी सळई घालून पाहिली तर ती बरीच आत गेली. वर पाहिलं तर पानं हिरवीगार. मी झाडाभोवती फेऱ्या मारत राहिलो आणि आजी दारातून विचारत राहिली, "काय हरवलं रे बाबा?"

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याला सरळ उत्तर हवं होतं, एवढंच. "झाड धोकादायक आहे की नाही?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"मग तुम्हाला ठेवलंय कशाला?"

या प्रश्नावर मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण तो मीही स्वतःला रोज विचारत होतो. "शंका आहे," मी म्हणालो. तो म्हणाला, "शंका आहे म्हणजे तोडा. खाली माणसं झोपतात. दुसरं घर द्यायला माझ्याकडे एकही रिकामं नाही." त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. मी खाली मान घालून शेवटच्या रांगेकडे निघालो.

आजी अंगणात ताटांवर आंब्याचं साठ वाळत घालत होती. मी जेवढं सौम्यपणे सांगता येईल तेवढं सांगितलं. तिनं हातातलं उलथनं बाजूला ठेवलं. "कुऱ्हाड कुणी उचलली होती?"

"मी."

"मी जामीन म्हटल्यावर मागं कोण सरकलं?"

"मीच. पण आजी, तो खेळ होता."

"असं? मग मोहोर पण खेळातच आला काय?"

मी साठावरची माशी हाकलली. ती म्हणाली, "मी साल मागून घेतलंय, तू दिलंयस. ते मार्गशीर्षात भरेल. झाडानं शब्द पाळला आणि आपण माणसांनी मोडायचा? जामीन राहायचं म्हणजे नुसतं बोलायचं नसतं."

नुसतं बोलायचं नसतं म्हणजे काय, ते मला दोन दिवसांनी कळलं. सुनेला तेव्हा चौथा महिना लागला होता. पहिलटकरीण सातव्यात माहेरी जाते, पण आजीनं तेवढी वाट न बघता तिला चिपळूणला धाडून दिलं. लेकाची गादी पुढच्या खोलीत घातली. आणि स्वतःचं अंथरूण तिनं उचलून स्वयंपाकघरात नेलं, बरोबर त्या फांदीखाली. झाड पडलं तर जामीन राहिलेलीवर पडेल, दुसऱ्या कुणावर नाही, असा तिचा सरळ हिशेब होता.

टर्नर पहिली शिफ्ट सुटल्याबरोबर, घामानं भिजलेला, माझ्याकडे आला. "साहेब, तोडून टाका ते झाड. कधी येताय सांगा फक्त, मी आईला धरून ठेवतो." मी बरं म्हटलं. तो फाटकापर्यंत गेला आणि परत आला. "नका तोडू, साहेब. ती अन्न सोडेल. माझे वडील गेले तेव्हा सोडलं होतं."

"मग नक्की करू काय मी?"

"मला काय विचारता? झाडांचे साहेब तुम्ही," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्याचाही राग येत होता, आजीचाही आणि सगळ्यात जास्त त्या आंब्याचा.

मी पुन्हा अधिकाऱ्याकडे गेलो आणि मार्गशीर्षापर्यंत मुदत मागितली. वर्षाची गोष्ट सांगितली नाही, झाड हलकं करून बघतो म्हणालो. त्यानं हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "ठीक आहे. पण काही झालं तर तुम्ही जबाबदार." म्हणजे झाडाचा जामीन ती, आणि तिचा जामीन मी. कुऱ्हाड उचलणाऱ्याला जामीन राहता येत नाही, हा नियम साहेबाला माहीत नव्हता.

पाऊस धरायच्या आत आम्ही ती फांदी हलकी केली. चढणारा वर, मी खाली दोर धरून. तुकडा कापायचा, दोराला लोंबता ठेवायचा, पत्र्याला न लागू देता अलगद उतरवायचा. आजीला म्हटलं, तेवढा वेळ तरी बाहेर बसा. ती आत भाकऱ्या थापत राहिली आणि आम्ही तिच्या डोक्यावर जीव मुठीत धरून करवत चालवत राहिलो. उरलेल्या फांदीला कारखान्याच्या भंगारातला जाड पाइप टेकू म्हणून लावला, मध्ये जुन्या टायरचा तुकडा घातला. जखमांना लेप दिला. सगळं नीट झालं. लांब उभं राहून पाहिल्यावर माझ्या मनात आलं, घराकडचं वजन काढल्यानं झाड आता सुरक्षित झालं, की इतकी वर्षं ज्या वजनावर ते तोल धरून होतं तेच मी काढून घेतलं? चढणाऱ्याकडे वळलो. तो म्हणाला, "आता इचारू नका."

तो पावसाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब पावसाळा होता. संध्याकाळी वारा सुटला की माझे पाय आपोआप शेवटच्या रांगेकडे वळायचे. आजी म्हणायची, "बस. चहा घे. पडायचं असेल तर तू असताना पडेल, म्हणजे तुला नंतर विचार करायला नको." आम्ही फांदीखाली बसून चहा प्यायचो. तिला आंब्याबद्दल बोलायचंच नसे. ती कुळथाच्या पिठल्याबद्दल बोलायची, इथल्या पाण्यात भात कसा मोकळा होत नाही त्याबद्दल बोलायची, आणि मी कान वर लावून बसलेला असायचो. एकदा ती म्हणाली, "ऐकू येतं ना? कुरकुरतो. आजारी माणूस कुशीवर वळताना कुरकुरतो तसा." मी म्हणालो, फांदी टेकूवर घासत असेल. "असेल," ती म्हणाली. मी घरी येऊन तिच्या काळजीनं जेवायचो नाही, हे मी तिला कधी सांगितलं नाही. माझी आई लहानपणीच गेली होती, आणि या म्हातारीत मी इतका का अडकलोय, हे कळायला मला फार हुशारीची गरज नव्हती. एवढी एकच गोष्ट त्या वर्षात मला स्वच्छ कळली.

झाड पडलं नाही. गणपती गेले, दसरा गेला. कार्तिकात चिपळूणहून निरोप आला, मुलगी झाली, दोघी खुशाल. आजीनं रांगेत पेढे वाटले. मला दोन दिले, एक माझा आणि एक झाडाच्या साहेबाचा, असं म्हणाली. मी मनातल्या मनात जिंकल्यासारखा फिरत होतो. वर्ष भरत आलं होतं, आता अधिकाऱ्याला सांगायचं की बघा, उभं आहे, राहू द्या. दर साली थोडं थोडं हलकं करत न्यायचं. शंका आहेच, पण शंकेसकट झाड आणखी काही वर्षं काढेल.

मार्गशीर्ष लागला त्या आठवड्यात आजी माझ्या घरी आली. पहिल्यांदाच. उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती. "साल भरलं," ती म्हणाली. "आता तोड."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. "अहो, आता कशाला? टिकलंय ना! तुम्हीच तर..."

"मी साल मागितलं होतं. भरलं."

"मग आणखी एक मागा. मी येतो कुऱ्हाड घेऊन. पुन्हा जामीन राहा."

"धाक एकदाच, सांगितलं होतं तुला." मग ती उंबऱ्यावरच बसली. "पुढल्या आठवड्यात पोरीला घेऊन सून यायची हाय. माझा जीव माझा होता, तो मी ठेवला जामीन. पोरीचा कसा ठेवू? तो माझा हाय काय?"

मी तिला समजावायला लागलो. ज्या माणसाला मी उन्हाळ्यात झाड धोकादायक आहे म्हणून सांगत होतो, त्याच माणसाला आता झाड भक्कम आहे म्हणून सांगत होतो, आणि दोन्ही वेळा पुरावे तेच होते. तीच अळंबी, तोच पोकळ आवाज, तीच हिरवी पानं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू सांग, नाय पडणार. एकदा छातीवर हात ठेवून सांग. मग राहू दे."

मी छातीवर हात ठेवला नाही. ती उठली आणि म्हणाली, "घाव तूच घाल. बाहेरच्या माणसाला सांगू नको."

खोड कापल्यावर आत काय निघालं ते इथंच सांगून टाकतो, कारण पुढं ते सांगायला मला जमणार नाही. घराच्या बाजूला मोठी ढोली होती, भुसा झालेली, हातानं निघेल अशी. दुसऱ्या बाजूचं लाकूड इतकं टणक की करवतीला दोनदा धार लावावी लागली. अधिकारी येऊन ढोली बघून गेला आणि माझी पाठ थोपटली. चढणाऱ्यानं टणक बाजूवर तळवा ठेवला आणि मान हलवली. झाड त्याच संध्याकाळी पडलं असतं की आणखी वीस वर्षं उभं राहिलं असतं, मला सांगता येत नाही. त्यानंतर मी आयुष्यभर हेच काम केलं, कितीतरी खोडं उघडून पाहिली, तरी त्या खोडाबद्दल मला आजही सांगता येत नाही.

तर त्या सकाळी. कुंपणापलीकडे पुन्हा अर्धी रांग, पण कुणी हसत नव्हतं. टर्नरनं रजा टाकली होती. चढणारा दोर खांद्यावर टाकून उभा होता, त्यानं झाडापुढं नारळ फोडला आणि पाया पडला. आजीनं बुंध्याला हळदकुंकू लावलं. मागच्या वर्षीच्या माझ्या घावाची खूण भरून आली होती, तिच्यावरून तिनं बोट फिरवलं. मग ती मागं झाली, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

मी कुऱ्हाड उचलली आणि थांबलो. मुद्दाम थांबलो असं नाही. मागच्या वेळी तिथं थांबायचं होतं, म्हणून हात थांबले. मला वाटतं सगळेच थांबले होते. तिनं एक शब्द उच्चारला असता तर मी कुऱ्हाड खाली ठेवली असती, साहेबाचं काय व्हायचं ते होवो. हे मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिनं पदराचा बोळा करून तोंडात दाबून धरला होता, दोन्ही हातांनी.

मग मी घाव घातला.